एका फोटोचे किती?

१९८१ साली लिन गोल्डस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकाराने ‘न्यूजवीक’साठी प्रिन्स या तेव्हा नव्याने पुढे येणाऱ्या गायकाचे फोटो काढले. स्टुडिओत काढलेले ते फोटो साप्ताहिकाने छापले नाहीत, पण त्यांचे हक्क गोल्डस्मिथकडेच राहिले. तीन वर्षांनी ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने त्यातला एक फोटो चित्रकाराला संदर्भासाठी हवा म्हणून घेतला. मोबदला ४०० डॉलर, वापर एकदाच. चित्रकार होता अँडी वॉरहॉल, आणि त्याने त्या एका फोटोवरून सोळा चित्रं केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारला तेव्हा त्याच मासिकाच्या मालक कंपनीने विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी त्या सोळांतलं दुसरंच एक चित्र वॉरहॉलच्या प्रतिष्ठानकडून सुमारे १० हजार डॉलर देऊन घेतलं. गोल्डस्मिथना त्यातलं काही मिळालं नाही, अंकात नावही आलं नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. ४०० डॉलर हा आकडा काही मोठा नव्हता. ‘एकदाच’ ही अट मात्र जवळपास चाळीस वर्षांनी कामाला आली.

आपल्याकडे इतक्या तपशिलात कुणी शिरत नाही. ‘एका फोटोचे किती घेता?’ एवढंच विचारलं जातं आणि समोरचाही एक आकडा सांगून मोकळा होतो. पाचशे, दोन हजार, नाहीतर ‘तुम्ही द्याल ते’. त्या प्रश्नात तीन निराळे सौदे दडलेले असतात. लग्नाच्या ऑर्डरमध्ये छायाचित्रकार आपला दिवस विकतो. हॉटेलला किंवा प्रकाशकाला तो आधीच काढलेला फोटो वापरायची परवानगी विकतो. कुणी दिवाणखान्यात लावायला प्रिंट मागितली तर एक वस्तू विकतो. तिन्हींचं गणित वेगळं, तरी या धंद्यात मुरलेली माणसंसुद्धा परवानगीला दिवसाचा दर लावतात आणि प्रिंटची किंमत कागदाच्या भावाने मोजतात. घासाघीस जमत नाही म्हणून पैसे कमी मिळतात असं अनेकांना वाटतं. माझ्या मते घासाघिशीची पाळी येण्याआधीच नुकसान झालेलं असतं, कारण आपण नेमकं काय विकतोय हेच ठरलेलं नसतं.

दिवसाचा हिशोब त्यातल्या त्यात सोपा. समजा, नाशिकमध्ये एकजण पूर्णवेळ हाच व्यवसाय करतो. घरखर्च महिन्याला ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, दिवे आणि संपादनाचा संगणक मिळून ८ लाखांचं सामान; ते चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला २ लाख. (कॅमेऱ्याच्या शटरलाही आयुष्य असतं. निकॉन डी८५० चं शटर २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत चार-पाच हजार क्लिक सहज होतात.) दुरुस्ती, विमा, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरची वर्गणी, दुकानाचं भाडं, पेट्रोल यांचे १ लाख ८० हजार धरू. एकूण झाले ८ लाख ६० हजार. इथपर्यंत बहुतेकजण नीट येतात. चूक होते ती याला कशाने भागायचं इथे.

महिन्याचे पंचवीस दिवस धरून तीनशेने भागलं तर दिवसाला तीन हजारांच्या आतच काम भागेल असं वाटतं. पण पैसे मिळणारे दिवस तीनशे नसतात. तुळशीची लग्नं लागल्यावर सीझन सुरू होतो तो आषाढी एकादशीच्या आधी संपतो. त्यातही पौष, गुरू-शुक्राचा अस्त आणि आला तर अधिक महिना वजा होतो. चातुर्मासात काढीव मुहूर्तांवर लग्नं होतात, पण मोजकी. शिवाय चांगल्या तिथीला एकाच दिवसाच्या चार ऑर्डरी येतात आणि त्यातली एकच घेता येते. शूटिंगच्या प्रत्येक दिवसामागे निवड, रंगदुरुस्ती, अल्बमची मांडणी यांत दोन-तीन दिवस जातात, ते वेगळेच. वर्षाला ७० दिवस पैशाचे मिळाले तर त्या माणसाचा दिवस १२ हजार २८६ रुपयांना पडतो. ४५ च मिळाले तर १९ हजार १११. खर्च तोच आहे, अंश बदललेलाच नाही, बदलला तो छेद. म्हणून आपला छेद काय आहे हे मागच्या दोन सीझनची डायरी काढून मोजावं, अंदाजाने धरू नये. यात मदतनिसाचा रोज, निवृत्तीसाठीची बचत, आजारपण यांतलं काही आलेलं नाही हेही लक्षात घ्यावं. हा आकडा तळाचा आहे. त्याच्या खाली गेलं की आपणच पार्टीला पैसे देऊन तिचं लग्न शूट करतो.

आता सगळ्यांचा आवडता विषय, रेट तोडणारे. प्रत्येक गावात एकजण असतो जो निम्म्या पैशांत ऑर्डर उचलतो. त्याला शिव्या घालण्यात फोटोग्राफर संघटनांच्या बैठका जातात, पण तो खलनायक नसतो. बहुधा त्याला कुठेतरी नोकरी असते, कॅमेरा पगारातून आलेला असतो आणि घर त्या कमाईवर चालत नसतं. त्याच्या हिशोबात घरखर्चाचा रकानाच नाही, म्हणून त्याचा तळ आपल्या तळाच्या कितीतरी खाली आहे. त्याच्याशी किमतीत झुंजणं म्हणजे हरण्याची हमी. त्याला जे जमत नाही ते मात्र पुढे करता येतं: दुसरा कॅमेरामन, दोन ठिकाणी घेतलेला बॅकअप, अल्बम अमुक तारखेला हातात देण्याचं लेखी वचन. ज्याच्या लग्नाचं मेमरी कार्ड एकदा खराब झालं त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात कुणी रेटवरून वाद घालत नाही.

पॅकेज नावाच्या प्रकाराबद्दल मी थोडा कडू आहे. ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक व्हिडिओ, ड्रोन, प्री-वेडिंग आणि चाळीस शीटचा अल्बम असं सगळं एका आकड्यात बसवलं की पार्टीला फक्त तो आकडा दिसतो आणि ‘मेव्हण्याच्या लग्नात एवढ्यातच झालं’ ही तुलना सुरू होते. अल्बम वेगळा काढला तर दोघांचाही फायदा होतो. मजुरी आणि माल वेगळे दिसतात, आणि शेवटचा हप्ता अल्बममध्ये अडकत नाही. अल्बम न्यायला पार्टी वर्षभर फिरकत नाही ही तक्रार ज्यांनी केलेली नाही असे फोटोग्राफर मला फारसे भेटलेले नाहीत. तिथी धरताना विसार, लग्नाच्या आधी मोठा हिस्सा आणि फोटो सोपवताना थोडी बाकी, अशी विभागणी बरी पडते.

लग्नाच्या कामात आणखी एक गोष्ट विकली जाते आणि तिचा उल्लेख कुठल्याच पावतीवर नसतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता आणि सर्वसाधारणपणे पहिला मालकही असतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे काहीच न बोलता घेतलेल्या ऑर्डरीत दिवसाबरोबर हक्कही गेले. लग्नात त्याने बहुधा बिघडत नाही; नवरीच्या घरच्यांना त्यांचे फोटो त्यांचे वाटणं योग्यच आहे, आणि आपल्या जाहिरातीसाठी ते इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्यांना विचारायला हवंच. पण हाच नियम मिठाईवाल्याच्या उत्पादनांचे फोटो काढतानाही लागू होतो. दिवसाच्या दरात काढलेला लाडवाचा फोटो पुढे पाच वर्षं खोक्यांवर, बसच्या पाठीवर आणि दुबईतल्या दुकानात झळकला तरी छायाचित्रकाराला काही म्हणता येत नाही. कोटेशनमध्ये ‘हक्क छायाचित्रकाराकडे, वापर खालीलप्रमाणे’ एवढी ओळ असेल आणि ग्राहकाने ती मान्य केली असेल, तर चित्र पालटतं. त्या ओळीची किंमत कित्येकदा पूर्ण दिवसापेक्षा जास्त असते.

इथून परवानगीचा प्रदेश सुरू होतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच सांडतात. आधीच काढलेल्या फोटोला खर्च नाही असं घेणाऱ्याला वाटतं. ‘पडून तर आहे तुमच्याकडे.’ फोटो कुठे छापणार, किती मोठा, किती प्रती, किती काळ, कुठल्या भागात, आणि त्या काळात तो दुसऱ्या कुणाला द्यायचा की नाही, यावर किंमत ठरते. जाहिरातीला सर्वांत जास्त, पुस्तकाला त्याहून बरीच कमी, बातमीला आणखी कमी, अशी जगभरची साधारण उतरंड आहे.

पहिला आकडा शोधायला मला एकच रीत भरवशाची वाटते: हाच फोटो घेणाऱ्याला नव्याने काढून घ्यायचा झाला तर काय पडेल? गुहागरच्या एखाद्या रिसॉर्टला तुमच्याकडचे पावसाळी समुद्राचे पाच फोटो हवेत. पुण्याहून छायाचित्रकार नेणं, दोन दिवसांचा रोज, प्रवास, राहणं, आणि आभाळ हवं तसं नसलं तर पुन्हा फेरी. समजा, हे ४० हजारांवर जातं. मग पाच फोटोंसाठी दहा हजार सांगताना आपण फार मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही, आणि पन्नास हजार सांगितले तर ते दुसऱ्याला बोलावतील हेही उघड आहे. या दोन टोकांच्या मधली जागा वापरावरून भरते. फक्त त्यांच्या संकेतस्थळावर वर्षभरासाठी असेल तर खालच्या बाजूला. मुंबई-गोवा महामार्गावरच्या फलकांसाठी आणि कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही हॉटेलला न देण्याच्या अटीवर असेल तर वरच्या. फोटो पुन्हा काढताच येणार नसेल, म्हणजे पडलेला वाडा, बुजलेली विहीर, हयात नसलेला गायक, तर वरचं टोक राहतच नाही. जुने फोटो सांभाळणाऱ्यांनी हे फार उशिरा ओळखलं.

मराठी प्रकाशनात मात्र हे सूत्र जपून वापरावं लागतं. आपल्याकडे पुस्तकाची आवृत्ती परंपरेने हजार-अकराशे प्रतींची. लेखकाच्याच हाती फार पडत नाही तिथे मुखपृष्ठाच्या फोटोला इंग्रजी प्रकाशकाचा दर मागून काय होणार? दिवाळी अंकाचंही तेच. मानधनाचा धनादेश संक्रांतीपर्यंत आला तरी आनंद. इथे आकड्यावर भांडण्याऐवजी मर्यादा घालाव्यात. दोन हजार घ्या, पण याच आवृत्तीसाठी. पुनर्मुद्रण झालं तर पुन्हा, इंग्रजी अनुवाद निघाला तर वेगळे, ऑडिओबुकच्या आवरणावर वापरला तर विचारून. बहुतेक पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघत नाही आणि प्रकाशकाला काही गमवावं लागत नाही. ज्या एखाद्या पुस्तकाच्या पंधरा आवृत्त्या होतात, तिथे मुखपृष्ठाचा त्यात वाटा असतोच.

या बाबतीत कायदा छायाचित्रकाराच्या बाजूने आहे, फक्त तो वाचला जात नाही. कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे त्यात लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा स्वतःहून काढलेला फोटो कुणाला नुसता मेल केला आणि त्याने पैसे पाठवले, तर ‘आम्ही तो कायमचा विकत घेतला’ हे त्याचं म्हणणं टिकणं कठीण.

सगळेच हक्क कायमचे विकूच नयेत असं मी म्हणणार नाही. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी आठवत असेल. चार्ल्स ओ’रिअर यांनी ती जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याकडेला गाडी थांबवून फिल्मवर टिपली. २००० साली मायक्रोसॉफ्टने तिचे सगळे हक्क विकत घेतले. गोपनीयतेच्या करारामुळे त्यांनी नेमकी रक्कम कधी सांगितली नाही, पण ती एवढी होती की मूळ फिल्म पाठवायला कुरिअर कंपन्या विम्यामुळे तयार होईनात आणि त्यांना स्वतः विमानाने ती नेऊन द्यावी लागली. अशी रक्कम समोर आली तर विकावं. अडचण अशी की आपल्याकडे ‘सर्व हक्क’ हे वाक्य पाच हजारांच्या खरेदीच्या छापील नमुन्यातही बिनदिक्कत असतं. दुसरं टोक म्हणजे १९४७ साली रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर, डेव्हिड सीमूर यांनी काढलेली मॅग्नम ही सहकारी संस्था. मासिक पैसे देवो, प्रवास घडवो, फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच, हा तिचा पाया. आपल्या कायद्यात वर्तमानपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकारालाही थोडी जागा ठेवली आहे: वेगळा करार नसेल तर मालकाचा हक्क वृत्तपत्र-मासिकातल्या प्रकाशनापुरता, बाकी बाबतीत कर्त्याचा. नेमणूकपत्रात नेमकं काय लिहिलंय हे किती प्रेस फोटोग्राफरांनी पाहिलं असेल कोण जाणे.

आपण किंमत ठरवतच नाही अशीही एक बाजारपेठ आहे. कॅनडातल्या कॅलगरीत २००० साली सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोने काही डॉलरांत फोटो विकायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये गेटी इमेजेसने ती कंपनी ५ कोटी डॉलरांना घेतली. एप्रिल २००९ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर नाण्यांच्या बरणीचा जो फोटो आला त्याचे छायाचित्रकाराला सुमारे ३० डॉलर मिळाले. छायाचित्रकारांच्या जगात त्यावरून गदारोळ झाला. स्वतः फोटो काढणारा खुशीत होता. पुढे वर्गणीची पद्धत आली आणि एका फोटोची किंमत सेंटांवर घसरली. २०२० च्या जूनमध्ये शटरस्टॉकने नवी पायरी-पद्धत आणली: वाटा १५ ते ४० टक्के, पण दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. काही विक्रींत हाती दहा सेंट पडू लागले. अडोबी स्टॉक फोटोंना ३३ टक्के देतं. त्याच सुमारास गेटीने वापरानुसार दर लावायची जुनी पद्धत आपल्या सर्जनशील संग्रहातून काढून टाकली. म्हणजे वर जे परवानगीचं गणित सांगितलं त्यातून जगातला सर्वांत मोठा दुकानदार बाहेर पडला. चहाचा कप, हस्तांदोलन, लॅपटॉपसमोर हसणारी बाई असले फोटो असतील तर ते इथेच टाकावेत आणि त्यावर घर चालेल अशी आशा धरू नये. एकदा तिथे दहा सेंटांना ठेवलेला फोटो दुसऱ्या ग्राहकाला दहा हजारांना सांगता येत नाही हा त्यातला खरा तोटा. तो शोधून काढायला ग्राहकाला दोन मिनिटं पुरतात.

आता तर चहाचा कप संगणकच काढून देतो. २०२३ पासून चित्रं घडवणारी साधनं याच स्टॉक कंपन्यांच्या दारात आली आणि कुठलाही, कुणाचाही, केव्हाचाही चालेल असा फोटो जवळजवळ फुकट झाला. या वर्षी वारीत चांदोबाच्या लिंबला झालेलं उभं रिंगण मात्र त्याला बनवता येत नाही. बनवलं तर ती थाप ठरते. जागा, तारीख, माणूस पक्का असलेला फोटो आणि त्याखाली अचूक लिहिलेली ओळ, यांची किंमत टिकून आहे असं मला वाटतं. त्यामुळे फोटो साठवताना मथळा, गाव, दिनांक भरण्याचं कंटाळवाणं काम हा किमतीचाच भाग धरावा.

फुकट देण्याचा प्रश्न प्रत्येकाला भेडसावतो. शाळेच्या स्मरणिकेला, पाणी फाउंडेशनसारख्या कामाला, मित्राच्या पहिल्या कवितासंग्रहाला द्यावा, आनंदाने द्यावा, आणि तरीही पावतीवर पूर्ण किंमत लिहून त्याखाली सवलत १०० टक्के असं दाखवावं. पुढच्या वेळी बोलणं कुठून सुरू होणार हे त्याने ठरतं. चिडावं ते ‘पैसे नाहीत, पण नाव छापू’ म्हणणाऱ्या पर्यटन कंपनीवर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरसुद्धा छायाचित्रकाराकडे राहतो. म्हणजे ती कंपनी मोबदला म्हणून जे देऊ करते ते आपलंच आहे. छायाचित्र स्पर्धांचे नियमही याच नजरेने वाचावेत. तीन बक्षिसांच्या बदल्यात आलेले हजारो फोटो कायमचे वापरायचा हक्क घेणारी स्पर्धा ही स्वस्तातली खरेदी असते, तीही प्रवेशशुल्क घेऊन.

प्रिंटकडे वळताना लिलावातले आकडे आधी बाजूला ठेवू. मॅन रेच्या १९२४ मधल्या एका प्रिंटला २०२२ मध्ये १ कोटी २४ लाख डॉलर आले, गुर्स्कीच्या ऱ्हाइन नदीला २०११ मध्ये ४३ लाख. त्यावरून दादरच्या घरात लावायच्या राजगडाच्या फोटोला काय लावायचं हे कळत नाही. साधारण रीत अशी: कापसाच्या लगद्याचा टिकाऊ कागद, पिगमेंट शाई, वाया गेलेल्या चाचण्या आणि फ्रेम यांचा खर्च काढायचा, त्यात गॅलरीचा वाटा धरायचा, जो तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातो, आणि मग आपले पैसे. जहांगीरच्या गच्चीवरच्या गॅलरीत स्वतः जागा घेऊन प्रदर्शन भरवलं तर वाटा नसतो, पण भाडं असतं. नवखे इथे एक घोडचूक करतात: गॅलरीत २० हजार आणि घरी येऊन घेतला तर १२ हजार. गॅलरीवाल्याला हे कळतंच, आणि त्याहून वाईट म्हणजे २० हजार देणाऱ्यालाही कळतं.

मोजक्याच प्रती काढण्याची, म्हणजे दहातली तिसरी असं पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत किंमत वाढवते यात शंका नाही, पण तिचा अर्थ काय हे ठरवून घ्यावं. विल्यम एगल्स्टन यांनी २०१२ मध्ये आपल्या जुन्या, मर्यादित आवृत्तीत विकलेल्या फोटोंच्या मोठ्या डिजिटल प्रिंट काढून लिलावात ५९ लाख डॉलर मिळवले. जुनी छोटी प्रिंट अडीच लाख डॉलरांना घेतलेल्या एका संग्राहकाने दावा लावला. नव्या आकाराची, नव्या तंत्राची आवृत्ती वेगळी मानून न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला. निकाल एगल्स्टन यांच्या बाजूने असला तरी, आपल्याकडच्या पाच-सहा ओळखीच्या खरेदीदारांवर उभ्या असलेल्या बाजारात मी हा धोका पत्करणार नाही. प्रमाणपत्रावर ‘कुठल्याही आकारात एकूण दहा’ की ‘या आकारात दहा’ हे लिहून टाकावं. आणि तुटवडा म्हणजेच किंमत असंही नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’च्या तेराशेहून अधिक प्रिंट स्वतः काढल्या, तरी २००६ मध्ये एकीला ६ लाख डॉलरांवर भाव आला. मॅग्नम तर आठवडाभर सहा इंची चौकोनी सहीच्या प्रिंट शंभरेक डॉलरला विकते. संख्येला मर्यादा नाही, मुदतीला आहे. नव्या माणसाला मला हा मार्ग जास्त परवडणारा वाटतो.

एक अन्याय इथेच सांगून टाकतो. आपल्या कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे चित्र, शिल्प, रेखाटन दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलावंताला त्यात वाटा मागता येतो. यादीत छायाचित्र नाही. चित्रकाराला निदान कागदावर तरी दुसरी संधी आहे. छायाचित्रकाराने पहिल्या विक्रीत जे घेतलं तेच त्याचं. पहिल्या प्रती स्वस्त आणि जसजशा संपतील तसा भाव चढवायचा, ही पद्धत म्हणून त्याच्या जास्त सोयीची.

कराचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी आणि १८ टक्के आकारणी आली. कंपनीला तो कर वळता करून घेता येतो, तिला फारसं काही वाटत नाही. वधुपित्याला घेता येत नाही. त्याच्या दृष्टीने आपण एका रात्रीत १८ टक्के महाग झालेलो असतो. त्यामुळे घरगुती ग्राहकाला कर धरून आणि कंपनीला ‘जीएसटी वेगळा’ असं लिहून दर सांगावा. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, तेव्हा हातात कमी आले म्हणून दर चुकला असं समजू नये.

राहिला न विचारता वापरलेला फोटो. इथे किंमत घटना घडून गेल्यावर ठरते आणि तेव्हा हात दगडाखाली समोरच्याचा असतो. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपाचे डॅनियल मोरेल यांचे फोटो ट्विटरवरून उचलून एएफपी आणि गेटीने जगभर पाठवले. एएफपीने उलट मोरेल यांच्यावरच आधी दावा लावला होता. २०१३ मध्ये ज्यूरीने त्यांना १२ लाख डॉलर दिले. आपल्याकडे कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंडाची तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. कॉपीराइटची नोंदणी केलेली असणं सक्तीचं नाही. मूळ रॉ फाइल जवळ असणं पुष्कळ उपयोगी. तरी सुरुवात पोलीस चौकीपासून करू नये. नेहमीच्या परवानगीचे जे झाले असते त्याच्या दुपटीचं साधं बिल, वापराच्या पुराव्यासह, मुदत घालून पाठवावं. व्यापारी कंपन्यांच्या कायदा विभागाला ही भाषा कळते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला सूर्योदय दिसला तर बिल पाठवायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या प्रभागाकडे पाहून ठरवावं. भरपाईचा दिवाणी दावा मात्र उल्लंघनापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून निदान फ्लेक्स उतरायच्या आधी त्याचा एक फोटो काढून ठेवावा, तारखेसकट.